घरचं सोंग : हॅलोविनच्या स्वस्त पोशाखाचा प्रश्न

अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशन या व्यापारी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ च्या हॅलोविनवर तिथल्या लोकांचा खर्च १२.२ अब्ज डॉलर होता. त्यातले ४.१ अब्ज डॉलर निव्वळ पोशाखांचे. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दोन-तीन तास अंगावर राहायचं आणि मग कपाटाच्या तळाशी जायचं, एवढंच यातल्या बहुतेक कपड्यांचं आयुष्य. म्हणून दर सप्टेंबरात पालकांपुढे तोच प्रश्न येतो: पोशाख दुकानातून आणायचा की घरी करायचा? शेजारीपाजारी, मैत्रिणी, मासिकांतली सदरं, सगळीकडून एकच सल्ला मिळतो. घरी करा, स्वस्त पडेल.

तो सल्ला जरा तपासून घ्यायला हवा. लहान मुलाचा साधा तयार पोशाख पंचवीस-तीस डॉलरांत मिळतो. तोच घरी शिवायचा म्हटलं तर तीन यार्ड फ्लीस, चेन, इलॅस्टिक, फेल्टचे तुकडे, ग्लू गन आणि तिच्या कांड्या, शिवाय छापील पॅटर्न असं सगळं लागतं. एका फेरीत हे विकत घेतलं तर बिल तयार पोशाखाच्या पुढे जातं, आणि दोन शनिवार मोडतात ते वेगळेच. ज्या घरांत पोशाख खरोखर स्वस्तात होतो तिथे कामाचा क्रम उलटा असतो. ती माणसं आधी पात्र ठरवून मग सामान शोधत बसत नाहीत. आधी कपाट उघडतात, त्यात काय आहे ते बघतात, आणि त्यातून काय होईल ते ठरवतात. या विषयाची किल्ली मला इथे दिसते. हॅलोविनच्या पोशाखाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा प्रवासही हेच दाखवतो.

मुळात हे घरचंच सोंग होतं. आयर्लंड-स्कॉटलंडच्या खेड्यांत त्या रात्री पोरं चेहऱ्याला काजळी फासून, थोरल्यांचे कपडे घालून, कुठे अंगाला पेंढा बांधून घरोघर जात आणि गाणी-नकला करून फळं, खाऊ मिळवत. १९ व्या शतकात तिथल्या स्थलांतरितांबरोबर ही चाल अमेरिकेत आली. न्यूयॉर्क शहरात २० व्या शतकाच्या सुरुवातीला मुलं थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आईबापांचे जुनेर कपडे चढवून, जळक्या बुचाने दाढीमिशा काढून भिकाऱ्यांच्या वेशात दारोदार हिंडत. त्या दिवसाला ‘रॅगमफिन डे’ म्हणत. खर्च काहीच नव्हता. बाजारातून आणावी अशी एकही वस्तू त्या सोंगाला लागत नसे.

बाजार आला तो कागदाच्या रूपाने. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथली डेनिसन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी क्रेप कागद बनवत असे. तिने १९०९ साली ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली आणि १९१२ पासून पुढे वीसेक वर्षं ती दरवर्षी निघत राहिली. काळ्या-नारिंगी कागदाच्या झालरी मांजरपाटाच्या साध्या झग्यावर टाचून चेटकीण, मांजर, भोपळा कसा करायचा याच्या कृती त्यात चित्रांसकट असत. हात घरचे, पण सामान कंपनीचं, अशी ही मधली अवस्था. कागद स्वस्त होता आणि दिसायला सुरेखही. पण पावसाचे चार थेंब पडले की त्याचा रंग कपड्यांना लागे, आणि मेणबत्तीजवळ गेला की भुरकन पेट घेई.

पुढचं पाऊल तयार पोशाखाचं. ब्रुकलिनमध्ये १९३७ साली सुरू झालेली बेन कूपर आणि पेनसिल्व्हेनियातली कॉलेजव्हिल या कंपन्यांनी खोक्यातला पोशाख घरोघर पोचवला. सेलोफेनची खिडकी असलेलं चपटं खोकं, आत पातळ प्लास्टिकचा मुखवटा, त्याला मागे बारीक इलॅस्टिक, आणि एप्रनसारखा एक झगा. दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग १९४७ साली संपलं, उपनगरं वाढली, मुलांच्या झुंडी संध्याकाळी दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागायला निघू लागल्या, आणि वूलवर्थसारख्या दुकानांत हे खोकं तीन डॉलरांच्या आत मिळू लागलं. झग्याच्या छातीवर त्या पात्राचंच चित्र आणि बहुधा नावही छापलेलं असे. नाव लिहावं लागत होतं, कारण नुसत्या झग्यावरून पोर कोण झालंय ते कळत नव्हतं. फिलिस गॅलेम्बो यांच्या ‘ड्रेस्ड फॉर थ्रिल्स’ (२००२) या पुस्तकात शंभर वर्षांतल्या जुन्या पोशाखांची छायाचित्रं आहेत. ती पाहताना घरी केलेल्यांपाशी माझी नजर अधिक रेंगाळते, कारण त्यांत एकासारखा दुसरा नसतो.

बेन कूपर १९९२ साली दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली. आता पोशाखांची मोठी विक्री ‘स्पिरिट हॅलोविन’सारखी हंगामी दुकानं करतात. ही साखळी १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅस्ट्रो व्हॅलीत एका दुकानापासून सुरू झाली. उलट घरी शिवणाऱ्यांचा मोठा आधार असलेली जोअन ही कापडाची साखळी २०२५ साली सगळी दुकानं मिटवून बंद झाली. गावातल्या गावात कापड हातात धरून, वाटलं तर अर्धा यार्ड कापून घ्यायची सोय अनेक ठिकाणी गेली. घरी करणाऱ्यासाठी उरली ती जुन्या कपड्यांची दुकानं. गुडविलसारख्या संस्थांच्या दुकानांत ऑक्टोबरात हॅलोविनचा वेगळा रॅक लागतो, पण तिथे जाणाऱ्याने त्या रॅकपाशी थांबू नये. खरा माल नेहमीच्या रांगांत असतो: पुरुषांचे चौकडीचे शर्ट, पांढऱ्या चादरी, लग्नाचे जुने झगे, पदवीदान समारंभाचे काळे गाऊन.

चादरीचं भूत हे सगळ्यांत स्वस्त सोंग, आणि सगळ्यांत जास्त बिघडणारंही. १९६६ च्या ‘इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राऊन’ या दूरचित्रवाणीपटात चार्ली ब्राऊनच्या चादरीला जागोजाग भोकं पडलेली दिसतात, आणि अमेरिकेत कित्येक घरांत हेच होतं. कारण साधं आहे. चादर डोक्यावर टाकली की सरकते, डोळ्यांची भोकं गालावर येतात, मग पोर पुन्हा कातरी मागतं. यावर उपाय आहे. मुलाच्या डोक्याला घट्ट बसणारी जुनी टोपी घ्यावी, चादरीचा मध्य तिच्या माथ्यावर ठेवून चार-पाच टाके घालावे, टोपी घालूनच डोळ्यांच्या जागा खडूने खुणावाव्या आणि मग कापावं. भोकं डोळ्यांएवढी न ठेवता चांगली वाटीएवढी ठेवावी आणि आतून काळी जाळी लावावी. मुलाला दोन्ही बाजूंचं दिसतं आणि बाहेरच्याला नुसता काळा पोकळ डोळा दिसतो, तो जास्त भीतिदायक. खालचा घेर घोट्याच्या वर चार बोटं कापून टाकावा. हातांना बाहेर यायला बाजूने चिरा द्याव्या, नाहीतर खाऊची पिशवी धरायची कशी? चादर सुतीच घ्यावी. पॉलिस्टर अंगावर नीट पडत नाही, आणि तापलं की वितळून त्वचेला चिकटतं.

ममीचंही असंच. टॉयलेट पेपर गुंडाळून ममी करतात, ती पहिल्या कोपऱ्यावर सुटते. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडाव्या, कापू नयेत, फाटलेल्या कडेचे दोरे सुटले तरच जुनेपणा येतो. चहाच्या पाण्यात उकळून वाळवाव्या आणि जुन्या स्वेटशर्टवर नि पॅन्टवर धावदोऱ्याने टाचाव्या. पट्टीचं एक टोक टाचलेलं, एक मोकळं. असा पोशाख बाकीच्या कपड्यांसारखा चढवता-उतरवता येतो आणि शौचालयात जाताना आख्खी ममी उलगडावी लागत नाही. लहान मुलांच्या पोशाखात ही गोष्ट पहिल्यांदा विचारात घ्यायची असते, पण ती बहुतेकांना शेवटी आठवते.

प्राणी करायचा असेल तर टोपीवाला स्वेटशर्ट आणि त्याच रंगाची पॅन्ट यांना तोड नाही. करड्याचा उंदीर किंवा हत्ती, तपकिरीचं अस्वल, पिवळ्याचा सिंह, काळ्याची मांजर. कान फेल्टचे करावे, कारण फेल्टचे दोरे सुटत नाहीत आणि काठ दुमडायची गरज पडत नाही. शेपटी जुन्या मोज्यात कापूस भरून करावी. सिंहाची आयाळ लोकरीच्या तुकड्यांची होते. हे कपडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मूल रोज घालतंच, म्हणजे पोशाखाचा खरा खर्च फेल्ट आणि लोकर एवढाच.

पुठ्ठ्याच्या खोक्याचा रोबो मुलांचा लाडका आहे आणि खोकं फुकट मिळतं. पण खोक्यातलं मूल बसू शकत नाही, गाडीच्या सीटचा पट्टा लावू शकत नाही, आणि शेजारच्याला धक्का देत चालतं. खोकं कमरेच्या वर संपवावं, काखेत चांगलं खोलगट कापावं, वजन खांद्यावर यावं म्हणून आतून कापडी पट्टे लावावे. कपडे वाळवायच्या यंत्राची ॲल्युमिनियमची लवचिक नळी जुनी पडली असेल तर तिचे हात होतात. द्राक्षांचा घड म्हणून जांभळे फुगे अंगाला टाचतात, तो मात्र छायाचित्रापुरताच. मूल एकदा बसलं की अर्धा घड गेला.

पोशाखाच्या आतल्या माणसाचा विचार न करता केलेलं सोंग कसं होतं याचं साहित्यातलं उत्तम उदाहरण हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीत आहे. शाळेतल्या हॅलोविनच्या कार्यक्रमासाठी छोट्या स्काउटला डुकराची मांडी व्हायचं असतं. गावातली शिवणकाम करणारी बाई कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून त्यावर तपकिरी कापड चढवते. बाहेरून सुरेख, पण स्काउटला आत उकडतं, नाक खाजवता येत नाही, धड दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय बाहेरही पडता येत नाही. त्याच रात्री परतीच्या वाटेवर हल्ला होतो तेव्हा तीच जाळी तिचा जीव वाचवते, हा कथेचा भाग. घरी पोशाख करणाऱ्याने मात्र नाक खाजवता येण्याची सोय आधी पाहावी.

हवामान हा या विषयातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. ३१ ऑक्टोबर १९९१ ला मिनेसोटात सुरू झालेल्या हिमवादळाने डुलुथ शहरात ३७ इंचांच्या आसपास बर्फ टाकलं. दर वर्षी तसं होत नाही, पण उत्तरेकडच्या राज्यांत त्या संध्याकाळी थंडी असतेच आणि आईबाप पोशाखावरून कोट चढवतात. मग महिनाभर खपून केलेली परी कोटाखाली दिसेनाशी होते. म्हणून उत्तरेत पोशाख कोटावरूनच बेतावा: झगा कोटाच्या मापाचा, पंख कोटावर बसतील असे, किंवा कोटालाच सोंग करावं. लाल कोट असेल तर काळी वर्तुळं टाचून लेडीबग होतो. फ्लोरिडात किंवा टेक्सासात उलटी अडचण असते, फ्लीसच्या अस्वलाला घाम फुटतो.

सुरक्षिततेबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण तयार कपड्यांना निदान कायद्याचा धाक असतो, घरच्या पोशाखाला आपल्याच डोळ्यांचा. १९४० च्या दशकात रेयॉनच्या लवदार कापडाचे काउबॉय पोशाख पेटून अमेरिकेत मुलं दगावली. अशाच दुर्घटनांनंतर १९५३ साली ज्वलनशील कापडांविषयीचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये २०१४ साली दूरचित्रवाणी निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या मुलीचा हॅलोविनचा तयार पोशाख मेणबत्तीने पेटला आणि ती गंभीर भाजली. तेव्हा तिथे अशा पोशाखांची गणना खेळण्यांत होत असे आणि मुलांच्या रात्रीच्या कपड्यांइतके कडक नियम त्यांना लागू नव्हते, हे त्यानंतर लोकांच्या लक्षात आलं. घोळदार बाह्या, जाळीचे थर, लोंबणाऱ्या चिंध्या, यांना हवा चहूबाजूंनी मिळते, म्हणून ती आधी पेटतात. अंगाबरोबर बसणारं, दाट विणीचं कापड हळू जळतं. स्वतःच्या दारातल्या भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेवता येतो, पण दुसऱ्यांच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या असणारच. पोशाख त्या पायऱ्यांसाठी बेतायचा.

आगीपेक्षाही मोठा धोका रस्त्यावरच्या गाड्यांचा आहे. १९७५ ते २०१६ या काळातल्या अमेरिकी अपघातांचा अभ्यास ‘जामा पीडिॲट्रिक्स’मध्ये आला. हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी मृत्यूंचा धोका आगेमागेच्या आठवड्यांतल्या त्याच वारापेक्षा ४३ टक्के जास्त आढळला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांत तो सर्वाधिक होता. २००७ पासून अमेरिकेत उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालते, त्यामुळे त्या संध्याकाळी उजेड थोडा जास्त मिळतो. पण काळी चेटकीण, काळी मांजर, काळं वटवाघूळ, सगळी मंडळी अंधारात मिसळणारी. चमकणारी पट्टी स्वस्त मिळते. ती पोशाखाच्या नक्षीतच बसवावी, चेटकिणीच्या टोपीचा काठ, वटवाघळाच्या पंखांच्या शिरा. वेगळी लावली तर मुलं काढून टाकतात. मुखवट्याने बाजूचं दिसत नाही, तिथे रंग बरा. पण चेहऱ्याचा प्रत्येक रंग डोळ्यांभोवती चालत नाही, वेष्टनावरची सूचना वाचावी आणि आदल्या दिवशी हातावर ठिपका लावून पाहावा. डोळ्यांत घालायच्या रंगीत लेन्स, मांजरीच्या डोळ्यांसारख्या वगैरे, अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे, तरी त्या मिळतात. त्या घेऊच नयेत.

मोठ्यांचं काम सोपं आहे. त्यांच्या कपाटात माल जास्त असतो आणि त्यांना कापडापेक्षा ओळख पटवायची असते. ओळख एखाद्याच खुणेवर पटते. पिवळ्या शर्टावर काळ्या टेपची वेडीवाकडी रेघ ओढली की चार्ली ब्राऊन. निळा शर्ट, बाह्या वर, डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, की जे. हॉवर्ड मिलर यांच्या १९४३ च्या पोस्टरमधली कामगार स्त्री. पदवीदानाचा काळा गाऊन आणि गळ्यात विणलेला पांढरा रुमाल, की न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग. काळा फ्रॉक, पांढरी कॉलर आणि दोन वेण्या, की वेन्सडे ॲडम्स. लांब काळ्या केसांच्या मुलीला त्यासाठी टोपसुद्धा लागत नाही. या तत्त्वाचा सगळ्यांत गाजलेला पुरावा सिनेमातला आहे. जॉन कारपेंटर यांच्या ‘हॅलोविन’ (१९७८) या कमी खर्चातल्या चित्रपटासाठी टॉमी ली वॉलेस यांनी दोन डॉलरांच्या आत ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा विकत घेतला, त्याच्या भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि तो पांढरा रंगवला. त्या चित्रपटातल्या मायकल मायर्स या खुन्याचा कोरा चेहरा तो हाच.

एका जुन्या साधनाबद्दल मात्र इथे थांबून सांगायला हवं. काजळी आणि जळकं बूच यांनी मिशी काढायला हरकत नाही, पण दुसऱ्या वंशाच्या माणसाचं सोंग म्हणून चेहरा काळा करणं अमेरिकेत अपमान मानलं जातं. गोऱ्या नटांनी तोंडं काळी करून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याचा तिथला दीर्घ इतिहास त्यामागे आहे. आपल्याकडच्या शाळांतल्या वेशभूषा स्पर्धांतून मोठे झालेल्या पालकांना हे चटकन लक्षात येत नाही. २०११ साली ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांच्या संस्कृतीचा पोशाख करू नका, अशी पोस्टरं काढली आणि तेव्हापासून शाळांतही याबद्दल बोललं जातं. पिसांचा मुकुट घालून मूळ निवासी होणं टाळावं. आपली मुलगी नऊवारी नेसून झाशीची राणी झाली तर ते तिच्या आजीच्या घरातलं आहे, आणि दारोदार ती कोण हे सांगायची तिला संधीही मिळते. तलवार मात्र पुठ्ठ्याची असली तरी अनेक शाळांत चालत नाही, ती घरी ठेवावी लागते.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हे दिवस तसे गर्दीचे. २०२४ साली तिथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी, ३१ ऑक्टोबरला आले. जरीच्या परकर-पोलक्यावर पुठ्ठ्याचे पंख चढवले की परी होते. रेशमी कुर्त्यावर फेटा आणि ओढणीचा कमरबंद बांधला की अल्लाउद्दीन. पूजेचे कपडे उतरवायचीही गरज पडत नाही.

ज्या मुलांना दुकानातला पोशाख बसतच नाही, त्यांच्यासाठी घरचं काम चैन नसून गरज असते. ऑरेगनमधले रायन वायमर यांनी चाकाच्या खुर्चीतल्या आपल्या मुलासाठी खुर्चीलाच समुद्री चाच्यांचं जहाज केलं, आणि पुढे २०१५ च्या सुमारास मॅजिक व्हीलचेअर ही संस्था उभी राहिली. तिचे स्वयंसेवक अशा मुलांसाठी विनामूल्य पोशाख बांधतात. घरी करायचं तर पुठ्ठा खुर्चीच्या चौकटीला बांधावा, चाकांना आणि ब्रेकला कुठेही लागू देऊ नये, आणि दारातून जाईल एवढीच रुंदी ठेवावी. अंगाला टोचणारी शिवण किंवा मानेवरचं लेबल सहन न होणाऱ्या मुलांसाठी तर रोजचा मऊ टीशर्ट उलटा घालून वर एकच खूण टाचणं हाच उत्तम पोशाख.

पोशाखाचं पुढे काय होणार याचा विचार करतानाच बांधणी ठरवावी. २०१९ साली ब्रिटनमधल्या फेअरीलँड ट्रस्ट आणि हबब या संस्थांनी दुकानांतले हॅलोविनचे पोशाख तपासले, तेव्हा त्यांतला ८३ टक्के माल प्लास्टिकच्या धाग्यांचा निघाला. घरच्या पोशाखात हे टाळता येतं, पण आपोआप टळत नाही. शिवलेले कान उसवून स्वेटशर्ट पुन्हा वापरात येतो, ग्लू गनने चिकटवलेले कान कापड घेऊनच निघतात. फॉइल आणि चमकी लावलेलं खोकं पुनर्वापराच्या डब्यात चालत नाही, पाण्याच्या रंगांनी रंगवलेलं बहुतेक ठिकाणी चालतं, म्हणून रोबो करड्या रंगाने रंगवावा आणि फॉइल फक्त बटणांपुरती ठेवावी. सुती चादर धुऊन पुढच्या वर्षी धाकट्याला कामी येते, फक्त टोपी बदलायची. आणि धाकटं नसेल तर मुलाचं वय आणि माप चिठ्ठीवर लिहून ती पोशाखाला टाचून ठेवावी. बऱ्याच गावांतली सार्वजनिक वाचनालयं सप्टेंबर-ऑक्टोबरात पोशाखांची अदलाबदल ठेवतात, तिथे ती चिठ्ठी बघूनच लोक पिशवी उचलतात.